भिंतीवरची हजेरी

१

शशिकलाचं कुणी खरं मानलं नाही. नीलांबरीवहिनींनी मानलं नाही, अनंतरावांनी मानलं नाही, गेटवरच्या रहमानने तर तोंडावर हसून घेतलं. फरशी पुसायला येणारी सायरा पळाली, दुसरीकडे जास्त पगाराचं काम धरलं, खलास. दोन दिवसांत सगळ्यांनी हे ठरवून टाकलं. "आत आली ती मी पाहिली. बाहेर गेली ती कुणी पाहिली ते सांगा," असं शशिकला ज्याला त्याला विचारत होती. उत्तर कुणाकडेच नव्हतं. पण विचारणारी चौथीत शाळा सुटलेली स्वयंपाकीण, त्यामुळे उत्तर नसलं तरी सगळ्यांचं भागत होतं.

सुरुवात झाली ती धुळीवरून.

कतारमधल्या अल गराफातला हा व्हिला अनंतरावांनी गेल्या सप्टेंबरात भाड्याने घेतला. ते गॅस कंपनीत इंजिनीअर, अंधारात निघायचे ते संध्याकाळी उगवायचे. वहिनी ऑफिसात. दहा वर्षांची आर्या साडेसहाच्या बसने शाळेत. हे तिघं गेले की घर आणि शशिकला. नाशिकला ती सहा वर्षं त्यांच्याकडे स्वयंपाकाला होती. नवरा वारला, मागे ओढणारं कुणी उरलं नाही, तेव्हा तीही त्यांच्याबरोबर कतारला आली.

जेवणघराच्या लांब भिंतीवर कोरीव चित्रांची एक पाटी बसवलेली होती. पुरुषभर उंच आणि भिंतीएवढी लांब. उजव्या टोकाला राजा, बसलेला, पण इतका मोठा की बाकीचे त्याच्या गुडघ्याला येतील. त्याच्याकडे तोंड करून माणसांच्या दोन रांगा.

"हे मूळचं इजिप्तचं, मावशी," अनंतराव म्हणाले होते. "म्हणजे नक्कल आहे. आधीच्या भाडेकरूने बसवली. घरमालक म्हणतो, हात लावायचा नाही."

"हात न लावता पुसू कशी?"

"पुसायची हो. काढायची नाही."

"हे खालचे दाढीवाले कोण? एकाने तर माकड आणलंय."

"परदेशी लोक. लांबून आलेत, राजाला द्यायला काहीबाही घेऊन. वरचे राजाचे चाकर. हा पंखेवाला, हा सुरईवाला."

"म्हणजे खालची रांग तुमची आणि वरची माझी."

अनंतराव मनापासून हसले. शशिकला हसली नाही. ती पाय बघत होती. सगळ्यांचे अंगठे एकाच बाजूला. प्रत्येकाला दोन्ही पाय डावेच.

वरच्या रांगेत नऊ जण. त्यातला सातवा नव्हता. कुणीतरी तो खरवडून काढला होता, त्याच्या आकाराची खडबडीत जागा तेवढी राहिली होती.

"इथे चपला धरणारा असणार," अनंतराव म्हणाले. "राजाच्या चपला धरायला वेगळा माणूस असायचा."

"आणि त्याच्या चपला कोण धरायचं?"

२

या देशात धूळ दार बंद असलं तरी आत येते. पहिल्याच आठवड्यात वहिनींनी एका दाढीवरून बोट फिरवलं आणि बोट दाखवलं. "मावशी, हा राहिला." शशिकलाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तिने रंगाऱ्याचा दोन इंची ब्रश मागवला, स्टूल घेतलं आणि ठरवलं, आता एकही राहणार नाही. पण सगळे सारखेच दिसायचे, तेच नाक, तोच समोर बघणारा डोळा. मग तिने हजेरी घ्यायला सुरुवात केली.

सिन्नर तालुक्यातल्या तिच्या शाळेत गुरुजी लाल पुठ्ठ्याचा हजेरीपट उघडायचे. नंबर, मग नाव, मग पोरांनी ओरडायचं, हजर. गुरुजींचा एकच कायदा होता. हजेरी लागली की शाळा सुटेपर्यंत जागेवरून हलायचं नाही. चौथीच्या पटातली नावं शशिकलाला अजून पाठ होती.

"एक, दगडू." पंखेवाल्यावर ब्रश. "दोन, यमुना. तीन, हौसा. चार, काशिनाथ. पाच, मंजुळा. सहा, तुळशीराम. सात..." सातला ती म्हणायची, "गैरहजर," आणि पुढे सरकायची. "आठ, चिंधी. नऊ, बबन."

खालच्या रांगेतल्या परदेशी लोकांना तिने नावं दिली नाहीत. त्यांच्यावरून नुसता ब्रश फिरवायची. "तुमची हजेरी तुमच्या गावात," असं त्यांना सांगून टाकायची. राजाला शेवटी ओल्या फडक्याने पुसायची, तेही नाइलाजाने.

काम चोख व्हायला लागलं. आर्या एकदा सुट्टीच्या दिवशी बघत उभी राहिली. "हू आर यू टॉकिंग टू, मावशी?"

"वर्गाशी."

३

सायरा हैदराबादची, तिशीची. व्हिसा साफसफाईच्या एका कंपनीचा. रविवार, मंगळवार, गुरुवार फरशी पुसायला यायची. दाराबाहेर चपला ठेवल्या की वाळूने भरतात, म्हणून ती त्या दोन बोटांत अडकवून आत आणायची, थेट मोरीपर्यंत. घरात हातात चपला घेऊन फिरणारी बाई शशिकलाला बघवत नसे. एका चपलेचा अंगठ्याजवळचा पट्टा तुटला होता. शशिकलानेच आपल्या बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढून तो टाचून दिला होता.

"इन्शाल्ला, अगले हफ्ते नये लेती, खाला," असं सायरा दर आठवड्याला म्हणायची आणि एशियन टाउनमधून मुलीसाठी फ्रॉक घेऊन यायची. मुलगी हैदराबादला आजीकडे होती. रोज दुपारी दोनला तिचा फोन यायचा. त्या वेळी सायराला हात धुऊन मोकळं सोडायचं, एवढा शशिकलाचा तिच्यावर लोभ होता. बाकी दिवसभर दोघी भांडायच्या.

त्या रविवारी साडेनऊ वाजले तरी सायरा आली नव्हती. शशिकला स्टुलावर उभी, डाळ गॅसवर, डोकं तापलेलं.

"सहा, तुळशीराम. सात..." आणि 'गैरहजर'च्या जागी तोंडातून निघून गेलं, "सायरा! कुठे मेली ही."

"हजर."

आवाज सायराचा होता. जवळून आला, अगदी कानाच्या उंचीवरून.

"आलीस का महाराणी?" शशिकला वळली. जेवणघरात कुणी नव्हतं. स्वयंपाकघरात नव्हतं. मागच्या दाराला आतून कडी होती.

दहा मिनिटांनी बेल वाजली. सायरा घामेजलेली, बोटांत चपला.

"तू मघाशी आत येऊन आवाज दिया क्या?"

"मैं? मैं तो अब्बी गेट पे उतरी खाला. बस नै मिली. रहमानभाई को पूछ लो."

"झूठ मत बोल."

"तुम्हारी कसम. नै, तुम्हारी नक्को, रहमानभाई की कसम."

शशिकलाला हसू आलं आणि विषय तिथेच राहिला. पोळ्या लाटताना तिने हिशेब लावला. एसीच्या नळीतून शेजारच्या व्हिल्यातलं बोलणं येतं, भांडणं येतात, तसं हे आलं असेल. मग तिला आठवलं, शेजारी केरळचे. ते 'हजर' कशाला म्हणतील? आणि मराठी सायराला तरी कुठे बोलता येतं?

तिने पोळी जाळली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

४

मंगळवारी तिने 'गैरहजर'च म्हणायचं ठरवलं होतं. पण जीभ एकदा ज्या वाटेने गेली त्याच वाटेने जाते. "सात, सायरा." म्हणून झालं आणि ती ब्रश धरून तशीच थांबली. कुणी बोललं नाही. एसी घरघरत होता. तिला बरं वाटलं आणि बरं वाटल्याचा रागही आला.

सायरा त्या दिवशी हळू चालत होती.

"खाला, पाँव सीधा नै पड़ रा."

"नवी चप्पल घे म्हटलं होतं ना."

"चप्पल नै, पाँव. रात को सोई तो बी लगता, खड़ी हूँ. किसी के सामने."

शशिकलाने तिला खुर्चीत बसवलं, तेल गरम करून आणलं. पाय हातात घेतला तर चांगला होता. दोन्ही चांगले होते. मग तिची नजर फरशीवर गेली. ओल्या फरशीवर सायराच्या पावलांचे ठसे भिंतीपासून खुर्चीपर्यंत आले होते. डावं, त्याच्यापुढे डावं, त्याच्यापुढे डावं.

फरशी ओली, पाय घसरतो, अंगठा फिरतो, तिने स्वतःला सांगितलं. मॉप घेतला आणि ठसे पुसून टाकले. सायराला काही बोलली नाही. तिथे बोलायला हवं होतं.

५

गुरुवारी वारा सुटला. वाळूने आभाळ तपकिरी झालं, सकाळी दहाला घरात दिवे लावावे लागले आणि दिव्यांचा उजेडही तपकिरीच पडला. शशिकलाने हजेरी सकाळीच उरकली होती. सातला तिने ओठ दाबून धरले होते. पण नाव मनात येऊन गेलं. मनात येण्याला कुणी कसं दाबून धरणार?

सायरा आली, चपला हातात, लंगडत. जेवणघरात गेली. बादलीच्या चाकांची करकर ऐकू येत होती. शशिकला स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. करकर थांबली.

"सायरा, चाय!"

तिने परत हाक मारली.

शशिकला हात पुसत गेली. बादली मधोमध. मॉप भिंतीला टेकवलेला. अर्धी फरशी ओली. ओल्यावरून पावलं भिंतीकडे गेली होती, सगळी डावी, आणि भिंतीच्या पायथ्याशी संपली होती. तिथे दोन ठसे एकापुढे एक होते, चालता चालता कुणी थांबावं तसे. परतीचा एकही नव्हता.

तिने मोरी पाहिली, संडास पाहिले, आर्याच्या खोलीतलं कपाट उघडून पाहिलं. मागचं दार आतून बंद. पुढचं दार तिने आपल्या हाताने लावलेलं. चपला कुठेच नव्हत्या.

भिंतीकडे तिने त्या दिवशी पाहिलं नाही. डोळ्याच्या कडेला सातव्या जागी काहीतरी भरलेलं दिसलं. सावली असेल म्हणून ती बाहेर आली आणि दार ओढून घेतलं.

६

"एंट्री है, एग्झिट नहीं है," रहमानने रजिस्टर उलटून पाहिलं. "लेकिन अम्मा, इस तूफान में मैं अंदर बैठा था. पीछे से निकल गई होगी."

"पिछला दरवाजा अंदर से बंद था!"

"तो आगे से निकल गई होगी," म्हणून तो हसला.

शशिकलाने ऑफिसात कळवलं तशी वहिनींनी तासाभरात साफसफाईच्या कंपनीला फोन केला. शनिवारपर्यंत वाट बघू, रविवारी सकाळी आठला 'पळून गेली' असा रिपोर्ट देऊ, असं कंपनीने सांगितलं. एकदा तो रिपोर्ट लागला की सायरा कुठूनही बाहेर आली तरी पळालेलीच. पकडतील, परत पाठवतील.

त्याच दुपारी दोनला शशिकलाच्या फोनवर एका मुलीचा आवाज आला. "खालाजी? अम्मी फोन नै उठा री. अम्मी आप के पास है ना?"

"है," शशिकला म्हणाली. दुसरं काय म्हणणार? आणि म्हणताना तिला कळलं, की हे खोटं नाही.

ती उठली आणि जेवणघराचं दार उघडलं.

सातव्या जागी एक जण होती. इतरांसारखीच एका बाजूने कोरलेल्या चेहऱ्याची, एक डोळा समोर. केस फडक्यात बांधलेले. एक हात छातीशी, दुसरा खाली, आणि खालच्या हाताच्या दोन बोटांत चपला. शशिकला स्टुलावर चढली नाही, गुडघ्यावर बसली, म्हणजे चपला नाकासमोर आल्या. एका चपलेच्या पट्ट्यावर, अंगठ्याजवळ, दगडात कोरलेली एक सेफ्टी पिन होती. लावलेली. आडवी, तिने लावली होती तशीच.

संध्याकाळी तिने वहिनींना हाताला धरून भिंतीपुढे नेलं, मागोमाग अनंतरावही आले.

"ही इथे नव्हती. ही जागा मोकळी होती."

"मावशी, हे आधीपासून असंच आहे."

"साहेब, तुम्हीच म्हणाला होता, चपला धरणारा असणार म्हणून!"

अनंतराव चष्मा वर सरकवत म्हणाले, "म्हणालो असेन. आहेच की चपला धरणारा."

वहिनींनी फोनमध्ये वास्तुशांतीचे फोटो शोधले. एका फोटोत भिंत होती. नेमके सातव्या जागेपुढे अनंतराव सोवळं नेसून उभे होते. आर्याला विचारलं तर ती म्हणाली, "इट वॉज ऑलवेज देअर, मावशी." पण म्हणताना ती आईच्या मागे सरकली, आणि त्यानंतर जेवणघरात जेवायला बसली नाही.

"आणि ही पिन? राजाच्या काळी सेफ्टी पिन होती का?"

वहिनी वाकल्या. जरा जास्तच वेळ वाकून राहिल्या. मग म्हणाल्या, "चीर आहे ती. प्लास्टरला गेलेली." आणि घाईघाईने, "तुम्ही दोन दिवस आराम करा. भिंत पुसू नका."

७

शनिवारी दुपारी तिघं सूक वाकिफच्या बाजारात गेले.

"तुम्हीही चला मावशी, डोकं हलकं होईल."

"माझं डोकं जागेवर आहे, वहिनी."

गाडी गेल्यावर तिने स्वयंपाकघरातून सुरी आणली. तिचा विचार सरळ होता. ही जागा आधी कुणीतरी खरवडली होती. उगाच खरवडली नसणार, कुणाला तरी सोडवायलाच. तिने सुरीचं टोक चपलेच्या पट्ट्यापाशी टेकवलं आणि जरा दाबलं.

"स्स्स."

सुई टोचल्यावर माणूस श्वास ओढतं, तसा आवाज. भिंतीतून आला की स्वतःच्या घशातून, तिला सांगता आलं नाही. सुरी फरशीवर पडली. टोक टेकवलं होतं तिथून चिमूटभर पांढरी धूळ खाली सांडली. ती धूळ तिने बोटावर घेतली. कोमट होती.

ती मटकन स्टुलावर बसली. म्हणजे आधीच्या वेळी खरवडलं तेव्हा सुटलं कोण? का कुणीच सुटलं नव्हतं?

बसल्या बसल्या तिला शाळा आठवली. चौथीच्या दिवाळीनंतर बापाने तिला शाळेतून काढलं. चार दिवसांनी ती शाळेच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली. गुरुजी हजेरी घेत होते. तिचा नंबर आला. गुरुजींनी पटात लाल शाईने एक नाव खोडलं होतं आणि वर दुसरं लिहिलं होतं, हे तिला खिडकीतूनही दिसलं. तिचा नंबर पुकारला गेला आणि कोणी नवीनच पोरगी तिच्या जागेवर बसून ओरडली, हजर. एका नंबरावर एकच नाव राहतं. दुसरं लिहिलं की पहिलं मोकळं.

तिचा नंबर सात होता. रोज सकाळी दगडू ते बबन सगळ्यांची नावं घेताना ती फक्त एकच गाळत आली होती.

उन्हं कलली होती. सहा वाजेपर्यंत घरचे परतणार. सकाळी आठला रिपोर्ट.

तर सातला एक नाव हवं होतं. कुणाचं? वहिनींचं अगदी ओठावर आलं. मुलगी आईला हाका मारत असताना कंपनीला फोन लावणारी बाई, घ्यावं तिचंच. मग शाळेतून येऊन दप्तर टाकणारी आर्या डोळ्यांपुढे आली. रहमानचं घ्यावं, हसला होता. साहेबांचं घ्यावं, हे घर त्यांनीच घेतलं. त्या आधीच्या भाडेकरूचं घ्यावं, तर त्याचं नाव माहीत नाही. ती एकेकाला त्या जागी उभं करून बघत होती आणि एकेकाला परत काढत होती. तळपाय दुखायला लागले होते. बसलेली असूनही दुखत होते.

ही जागा कुणाची, हे तिच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. सायराला तर मुळीच नाही. तिला तिथे हाक मारून कुणी बोलावलं? चपलेला पिन कुणी लावली? मंगळवारी ठसे बघून पुसून कुणी टाकले?

शशिकला उठली. ब्रश घेतला. पायातल्या घरच्या चपला काढल्या आणि का कोण जाणे, बाजूला न ठेवता डाव्या हाताच्या दोन बोटांत अडकवल्या.

"एक, दगडू."

एसीची घरघर थांबली. बंद पडला असेल.

"दोन, यमुना. तीन, हौसा. चार, काशिनाथ."

प्रत्येक नावानंतर ती थांबत होती, गुरुजी थांबायचे तेवढंच. प्रत्येक डोळा समोर बघत होता.

"पाच, मंजुळा. सहा, तुळशीराम."

ब्रशचे केस दगडातल्या त्या पिनेवर टेकले. मागे मोरीकडून कुणीतरी अनवाणी चालत आल्यासारखं वाटलं, एक पाऊल डावं, एक उजवं. तिने वळून पाहिलं नाही. गुरुजींच्या वर्गात खोडी झाली, की ते छडी टेबलावर ठेवून एवढंच विचारायचे, कुणी केलं, नाव सांगा. आणि सगळा वर्ग खाली बघायचा.

ती खाली बघत नव्हती.

"सात," ती म्हणाली, स्वच्छ, गुरुजी पुकारायचे तसं. "शशिकला."